बिनविषारी साप आणि मांत्रिकाची कीर्ती

मृगाचे दोन-तीन पाऊस झाले, जमिनीतल्या भेगा बुजल्या, की वऱ्हाडातल्या कुठल्याही खेड्यात एक आरोळी हमखास ऐकू येते : 'साप निघाला!' बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातले धामणगाव बढे घ्या. कपाशीचा मुलूख, अजिंठ्याच्या डोंगररांगेचा शेजार. घरामागे सरपणासाठी रचलेली पऱ्हाटीची रास, गोठ्याला लागून कडब्याची गंजी, जुन्या घरांवर कवेलू, कोठीत ज्वारी. ज्वारी आहे म्हणून उंदीर आहेत आणि उंदीर आहेत म्हणून साप आहेत. आरोळी झाली की आधी लहान मुले धावतात, मागून काठ्या घेऊन मोठी माणसे येतात. पाच मिनिटांत साप मरून पडलेला असतो. आणि मग गर्दीतला कोणीतरी विचारतो, 'कोणता होता रे?'

श्रोतेहो, आज मला बोलायचे आहे ते या शेवटच्या प्रश्नाविषयी. तो शेवटी का येतो, सुरुवातीला का येत नाही? आणि तो सुरुवातीला विचारायला आपला समाज कसकसा शिकत गेला, त्याची ही हकीकत आहे.

गावाच्या नावातच 'धामण' आहे. धामण नावाचे झाडही असते आणि धामण नावाचा सापही. गावाला नाव झाडावरून मिळो की सापावरून, गावात आजही सर्वांत जास्त मार खाणारा साप धामणच आहे. सहा-सात फूट लांब, दिवसाउजेडी हिंडणारी, चपळ, त्यामुळे सहज नजरेस पडते. तिच्याविषयी काय काय सांगितले जाते! ती नागाची मादी आहे, ती गाईच्या पायांना वेटोळे घालून दूध पिते, तिच्या शेपटीचा फटका बसला की अवयव झडतो. यातले एकही खरे नाही. धामणीत नर असतात आणि माद्याही. सापाच्या तोंडाची ठेवण आचळातून दूध ओढण्याजोगी नसते. आणि शेपटीत विष कुठल्याच सापाच्या नसते. शेतात दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे राहिलेले दिसले, की लोक त्याला नाग-धामणीचे मीलन समजतात आणि शुभ म्हणून त्यावर कपडा टाकतात. बहुतेक वेळा ती दोन नर धामणांची कुस्ती असते.

आता कोणी म्हणेल, आपले पूर्वज अडाणी होते. तसे मुळीच नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सापांचे ८० प्रकार सांगितले आहेत आणि ते पाच गटांत मांडले आहेत. दर्वीकर म्हणजे पळीसारखा फणा असलेले, मंडली म्हणजे अंगावर गोल मंडले असलेले, राजिमान म्हणजे रेघा असलेले, निर्विष म्हणजे विष नसलेले आणि वैकरंज म्हणजे संकरातून झालेले. यांतले शेवटचे आज कोणी मानत नाही. पण पहिली तीन नावे पाहा. फणा, मंडले आणि रेघा. नाग, घोणस आणि मण्यार डोळ्यांपुढे उभे राहतात. आणि निर्विष हा स्वतंत्र गट करून त्यात १२ साप घातले आहेत. म्हणजे सगळेच साप विषारी नसतात, ही गोष्ट या देशाला फार पूर्वी ठाऊक होती.

आपल्या मराठी नावांतही हे निरीक्षण मुरलेले आहे. कवड्यांसारख्या ठिपक्यांचा तो कवड्या. कुकरीच्या पात्यासारखे दात असलेला तो कुकरी. चोरपावलांनी घरात शिरणारा तो तस्कर. गवतात राहणारा हिरवा, तो गवत्या. पाण्याकाठची दिवड, बारकी चपळ नानेटी, गांडुळासारखा वाळा. नावे ठेवणाऱ्यांनी साप नीट पाहिलेले होते. मग हे ज्ञान गेले कुठे? ते काही थोड्या लोकांकडे राहिले. वैदू, गारुडी, रानात फिरणारे गुराखी यांच्याकडे ते होते. गावाच्या चौकात मात्र भीती उरली. आणि ज्यांच्याकडे ज्ञान होते, त्यांतल्या काहींना ते लपवून ठेवण्यात फायदा होता. हा फायदा कोणता, ते पुढे सांगतो.

आधुनिक काळात या प्रश्नाला पहिल्यांदा हात घातला तो विशाखापट्टणमला राहणाऱ्या पॅट्रिक रसेल नावाच्या डॉक्टरने. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या सैनिकांना आणि रयतेला साप चावत होते आणि त्यावर शेकडो औषधे सांगितली जात होती. त्यांत तंजावरच्या गोळ्यांचा फार बोलबाला होता. रसेलने ठरवले की औषध तपासायचे असेल, तर आधी चावणारा साप विषारी आहे की नाही हे ठरले पाहिजे. त्याने किनारपट्टीवरचे साप जमवले, त्यांच्या जबड्यातले विषदंत तपासले, कोंबड्या-कुत्र्यांवर प्रयोग केले आणि १७९६ मध्ये रंगीत चित्रांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातल्या ४३ सापांपैकी फक्त सातांमध्ये त्याला विषाची इंद्रिये सापडली. ४३ मध्ये सात! सापांना त्याने तिथल्या लोकांच्या तोंडची तेलुगू नावे दिली होती. मण्यारीच्या कुळाला जगभरचे शास्त्रज्ञ आज जे 'बंगारस' नाव वापरतात, ते अशाच एका तेलुगू नावावरून आले. घोणशीच्या शास्त्रीय नावात तर रसेल स्वतःच अमर झाला आहे.

आता तो फायदा सांगतो. समजा एखाद्या पंचक्रोशीत वर्षाकाठी दहा जणांना साप चावला. त्यांतले सहा-सात जण बिनविषारी सापाचे. उरलेल्या तिघा-चौघांपैकीही एखाद्याला विषारी सापाने चावून विष सोडलेलेच नसते, कारण साप प्रत्येक दंशात विष टोचतोच असे नाही. हे दहाही जण मांत्रिकाकडे गेले. त्याने कडुनिंबाचा पाला खायला दिला, मंत्र टाकला, दोरा बांधला. सात-आठ जण उठून घरी गेले. दोघे-तिघे दगावले, त्यांची 'वेळच आली होती'. आता सांगा, पंचक्रोशीत मांत्रिकाची कीर्ती होईल की नाही? दहात आठ! एखाद्या निष्णात डॉक्टरलाही हेवा वाटावा असे हे यश आहे. पण ते यश मांत्रिकाचे नव्हते. ते दिवडीचे, कवड्याचे, तस्कराचे आणि धामणीचे होते. बिनविषारी साप आपल्याला ओळखता येत नाहीत, एवढ्याच भांडवलावर हा धंदा शेकडो वर्षे चालत आला. आणि त्या कीर्तीवर विश्वास ठेवून जेव्हा मण्यारीचा दंश झालेला तरुण मुलगा मांत्रिकाच्या ओट्यावर नेला जातो, तेव्हा त्याचे मोलाचे दोन-तीन तास तिथे संपतात. म्हणून साप ओळखणे हा केवळ सापांवर दया करण्याचा विषय नाही. तो माणसाच्या जिवाचा विषय आहे.

रसेलने जे दाखवले, ते सरकारच्या पचनी मात्र लवकर पडले नाही. सरकारला सोपा उपाय सुचला : साप मारा, बक्षीस घ्या. याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या कोकणातले आहे. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांचा सुळसुळाट होता. विडाल नावाच्या अधिकाऱ्याने नोंदवून ठेवले आहे, की १८६२ च्या डिसेंबरात फुरशामागचे बक्षीस सहा पैंवरून दोन आण्यांवर नेले, तेव्हा आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी मारून आणली गेली. बक्षिसाच्या सहा वर्षांची सरासरी वर्षाला सव्वादोन लाखांवर भरली. एवढे मारूनही फुरसे संपले नाही. आजही कोकणातल्या जांभ्याच्या कातळावर ते आहेच. मारून प्रश्न सुटत नाही, याचा इतका मोठा आणि इतका खर्चिक प्रयोग क्वचितच झाला असेल.

कलकत्त्याला जोसेफ फेअरर नावाच्या डॉक्टरने याच सुमारास आकडे गोळा केले. १८६९ या एका वर्षात, ज्या प्रांतांची माहिती आली तेवढ्यांत, सर्पदंशाने ११,४१६ माणसे मेल्याची नोंद त्याला मिळाली. १८७२ मध्ये त्याने 'थॅनॅटोफिडिया ऑफ इंडिया' हा भलामोठा ग्रंथ काढला. त्यातली चित्रे कलकत्त्याच्या कलाशाळेतल्या देशी चित्रकारांनी काढली होती आणि ती इतकी हुबेहूब आहेत की आजही पाहत राहावे. फेअररने त्या काळी प्रचलित असलेली औषधे एकामागून एक तपासली. एकही उपयोगी ठरले नाही. खरे औषध यायला अजून पंचवीसेक वर्षे होती. १८९५ च्या सुमारास आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्राण्यांना विषाची अल्प मात्रा टोचत टोचत त्यांच्या रक्तातून प्रतिविष मिळवण्याची वाट दाखवली.

इथे आपल्या मुंबईची एक गोष्ट मध्येच येते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यावर लस शोधणाऱ्या डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. पुढे १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचेच नाव मिळाले. हीच संस्था नंतर सर्पविषाच्या अभ्यासाचे आणि प्रतिविष तयार करण्याचे देशातले एक मोठे केंद्र झाली. प्लेग पसरतो उंदरांवरच्या पिसवांमुळे, आणि उंदरांचा सर्वांत कष्टाळू शत्रू म्हणजे धामण. एकाच छताखाली उंदरांनी आणलेल्या रोगाचा आणि सापाच्या विषाचा अभ्यास झाला, हा योगायोग मला मोठा बोलका वाटतो. धामण मारून आपण उंदीर वाढवतो. उंदीर वाढले की धान्य जाते, लेप्टोसारखे रोग येतात आणि उंदरांच्या मागावर नागही घरापर्यंत येतो.

साप ओळखण्याचे शास्त्र सामान्यांपर्यंत नेण्याचे मोठे काम मुंबईच्याच आणखी एका संस्थेने केले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली. लष्करी डॉक्टर असलेल्या फ्रँक वॉल यांनी या संस्थेच्या नियतकालिकात १९०५ पासून सुमारे पंधरा वर्षे भारतातल्या नेहमीच्या सापांवर रंगीत चित्रांसह लेखमाला लिहिली. विषारी साप कसे ओळखावेत यावरचे त्यांचे छोटे पुस्तक १९०७ मध्ये आले आणि १९२८ पर्यंत त्याच्या चार आवृत्त्या निघाल्या. वॉल यांची युक्ती खवल्यांची होती. पाठीच्या मधोमध असलेले खवले इतरांपेक्षा मोठे आणि षटकोनी, आणि खालच्या ओठाचा चौथा खवला सर्वांत मोठा, तर मण्यार. वरच्या ओठाचा तिसरा खवला डोळ्याला आणि नाकपुडीच्या खवल्याला दोन्हीकडे टेकलेला, तर नाग. डोक्यावर सगळे बारीक खवले, तर घोणस किंवा फुरसे. संस्थेने भिंतीवर टांगायचे तक्तेही काढले, ते मराठीतही होते. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकलेल्या अनेकांनी प्रात्यक्षिकाच्या वहीत हे खवले काढलेले असतील.

पद्धत बिनचूक होती, पण तिला एक अट होती. ओठाचा चौथा खवला पाहायचा तर साप हातात हवा, आणि हातात यायचा तर बहुधा मेलेला हवा. म्हणजे 'कोणता होता रे?' हा प्रश्न विचारण्याची शास्त्रीय सोय झाली, 'कोणता आहे?' हे विचारण्याची झाली नाही. जिवंत साप लांबून ओळखायला शिकवणारी पिढी त्यानंतरची. हाफकिन संस्थेतले डॉ. पी. जे. देवरस यांचे भारतीय सापांवरचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ मध्ये काढले. रोम्युलस व्हिटेकर यांनी मद्रासला सर्पोद्यान उभे केले आणि १९७८ मध्ये नेहमीच्या सापांची खिशात मावणारी पुस्तिका लिहिली. पुण्यात नीलिमकुमार खैरे १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचे होते. १९८६ मध्ये कात्रजचे सर्पोद्यान सुरू झाले आणि शाळांच्या सहली तिथे जाऊ लागल्या. २००४ मध्ये व्हिटेकर आणि पुण्याचे अशोक कॅप्टन यांचे जिवंत सापांच्या छायाचित्रांनी भरलेले मार्गदर्शक आले. गावोगावचे सर्पमित्र ही याच पिढीची मुले.

कायदाही याच काळात बदलला. ज्या देशाने सापामागे दोन आणे दिले होते, त्याच देशाने १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा केला. आज साप मारणे, पकडून बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे. धामणीच्या कातड्याचे पट्टे आणि पर्स परदेशी जात. १९७६ मध्ये कातड्यांच्या निर्यातीवर बंदी आली. तमिळनाडूतल्या इरुळ समाजाचे पोट या कातड्यांवर होते. त्यांनी १९७८ मध्ये सहकारी संस्था काढली आणि साप मारण्याऐवजी त्यांचे विष काढून, प्रतिविष करणाऱ्यांना विकून, साप पुन्हा रानात सोडायला सुरुवात केली. आपल्याकडे सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीतल्या जिवंत नागांच्या खेळांवर उच्च न्यायालयाच्या आदेशाने बंदी आली. आणि २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला गेला. रसेलने सुरू केलेली तपासणी कायद्याच्या पुस्तकात पोचायला २१७ वर्षे लागली म्हणायची.

एवढा इतिहास ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, आता आमच्या घरात निघणारे साप तरी सांगा. सांगतो. पण आधी चार विषारी साप मनात पक्के करा : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. वस्तीजवळच्या जीवघेण्या दंशांना आपल्याकडे मुख्यतः हे चौघे जबाबदार असतात. उरलेल्यांची ओळख या चौघांशी तुलना करूनच होते, कारण बहुतेक बिनविषारी साप मरतात ते या चौघांपैकी कोणासारखे तरी दिसल्यामुळे.

धामण मरते ती नाग समजून. नागाचा फणा हीच मुख्य खूण, पण नाग फणा नेहमी काढत नाही. धामणीचे डोळे मोठे, मान बारीक, अंग सडपातळ आणि ओठांवर उभ्या काळ्या रेघा असतात, टाके घातल्यासारख्या. माणूस दिसला की ती पळते. कोंडीत सापडली तर मान फुगवून घोगरा आवाज काढते, पण फणा तिला नाही.

कवड्या मरतो तो मण्यार समजून, आणि ही चूक दोन्ही बाजूंनी धोक्याची आहे. दोघेही रात्रीचे, दोघांच्याही अंगावर आडवे पांढुरके पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे उलट, डोक्याकडे पुसट किंवा नाहीतच, शेपटीकडे ठळक, आणि बहुधा जोडीजोडीने. कवड्या तपकिरी आणि बारका, मण्यार काळीनिळी आणि चकचकीत. कवड्या पालींच्या मागे भिंतीवर, कवेलूंत, दाराच्या चौकटीत चढलेला दिसतो. मण्यार जमिनीवर फिरते. पण ऐका, रात्रीच्या वेळी, बॅटरीच्या उजेडात, घाबरलेल्या मनाने हा फरक कोणालाही चुकू शकतो. म्हणून पट्ट्यांचा साप दिसला तर तो मण्यार आहे असेच धरून लांब राहावे. त्यात मारण्याची गरज कुठेच येत नाही.

डुरक्या घोणस मरतो तो घोणस समजून. खऱ्या घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या तीन रांगांत गोल मंडले असतात, डोके त्रिकोणी, आणि कुकरच्या शिट्टीसारखा लांबलचक फुत्कार. डुरक्याच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, मान वेगळी दिसत नाही आणि शेपूट आखूड, खरखरीत. त्याचाच भाऊ मांडूळ. त्याची शेपटी बोथट, म्हणून तो 'दुतोंड्या' ठरला, आणि गारुडी त्या शेपटीवर डाग देऊन दुसरे तोंड केल्याचा देखावाही करत. मांडुळाला विष नाही, राग नाही, चपळाई नाही. तरी त्याच्याइतके दुर्दैव क्वचितच कोणा सापाचे असेल. गुप्तधन सापडते, पैशांचा पाऊस पडतो अशा अफवांपायी त्याची तस्करी होते आणि वजनावर लाखांचे सौदे होतात. इतर साप भीतीने मरतात, हा लोभाने मरतो.

दिवड विहिरीवर, नाल्याकाठी, पावसाळ्यात अंगणातही येते. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोनी ठिपके, डोळ्याखाली दोन तिरप्या काळ्या रेघा. स्वभाव तापट, चावते आणि रक्तही काढते, पण विष नाही. मांत्रिकाच्या खात्यावर बहुधा सर्वांत जास्त 'बरे झालेले' दिवडीनेच जमा केले असतील. तस्कराच्या मानेवर रेघा आणि अंगाच्या मागच्या भागावर दोन्ही बाजूंना गडद पट्टे असतात. तो उंदीर खातो. नानेटीच्या पाठीवर दोन पिवळसर रेघा असतात, ती बेडकांवर जगते. कुकरीच्या डोक्यावर बाणाच्या टोकासारख्या खुणा असतात.

आणि शेवटी वाळा. मोरीतून, कुंडीतून निघणारा, वीतभर लांबीचा, गांडुळासारखा. तो कानात शिरतो म्हणून बायामाणसे त्याला भितात. बिचाऱ्याला नीट दिसतही नाही. मुंग्या-वाळवीची अंडी हे त्याचे अन्न. रसेलच्या १७९६ च्या ग्रंथात ज्याचे चित्र आहे, त्याच चित्रावरून १८०३ मध्ये दोदाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने याला शास्त्रीय नाव दिले. या जातीत फक्त माद्या असतात आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. त्यामुळे कुंडीतल्या मातीतून एक जरी गेला तरी पुरे. झाडांच्या कुंड्यांबरोबर जहाजांतून हा साप अमेरिकेपासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत पोचला आहे. जगात सर्वांत दूरवर पसरलेला साप आपल्या मोरीत सापडतो आणि आपण त्याच्यावर मीठ टाकतो!

आता एक महत्त्वाची गोष्ट. ही ओळख साप लांबून पाहण्यासाठी आहे, दंश झाल्यावर निर्धास्त होण्यासाठी नाही. साप चावला, तर 'हा दिवडच होता' असे स्वतःच ठरवून घरी बसू नये. सापाच्या मागे धावून त्याला मारून दवाखान्यात नेण्याचीही गरज नाही. आपल्याकडचे प्रतिविष या चारही सापांच्या विषांवर एकत्रच चालते. घोणस-फुरशाचा दंश असेल तर वीस मिनिटांत रक्त गोठते की नाही हे डॉक्टर साध्या काचेच्या नळीत पाहतात. मण्यारीचा दंश तर बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो, तो दुखत नाही, सूज येत नाही; पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, शब्द अडखळतात. अशा वेळी काहीच दिसत नाही म्हणून थांबणे हाच मृत्यू. चावलेला भाग हलवू नये, आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये, आणि सरळ सरकारी रुग्णालयाची वाट धरावी.

कारण आकडे अजूनही सुन्न करणारे आहेत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेल्याचा अंदाज दिला. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत स्थान दिले, आणि २०२४ मध्ये भारत सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. तो यशस्वी व्हायचा, तर प्रतिविष दवाखान्यात असून भागणार नाही. माणूस दवाखान्यात पोचला पाहिजे. आणि तो मांत्रिकाच्या ओट्यावरून न जाता पोचायचा, तर मांत्रिकाची कीर्ती कशावर उभी आहे, हे घराघरांत कळले पाहिजे.

म्हणून एक सुचवतो. या पावसाळ्यात धामणगावात, किंवा तुमच्या गावात, 'साप निघाला' अशी आरोळी झाली, तर काठी आणण्याआधी दहा पावलांवर उभे राहून पाहा. मुलांना मागे ठेवा आणि त्यांनाही लांबून पाहू द्या. डोळे केवढे आहेत, पट्टे कुठून सुरू होतात, अंगावर मंडले आहेत की रेघा. सापाला वाट मोकळी असेल तर तो बहुधा स्वतःच निघून जाईल. घरात अडकला असेल तर सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा. पऱ्हाटीची रास भिंतीपासून थोडी दूर रचा, धान्य झाकून ठेवा, रात्री बॅटरी घेऊन चाला, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून निजा.

सुश्रुताने ज्यांना निर्विष म्हटले, त्यांचा दोष एवढाच की ते साप आहेत. 'कोणता होता रे?' या प्रश्नातला 'होता' काढून तिथे 'आहे' घालायला आपल्याला दोनशे वर्षांहून जास्त काळ लागला आहे. धामणगावच्या चौकात ज्या दिवशी हा प्रश्न काठीच्या आधी येईल, त्या दिवशी धामणही वाचेल, आणि मण्यार चावलेला एखादा मुलगाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)